शोभेच्या कोंबड्या: पहिल्या पिल्लापासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत

पहिला पक्षी घरी आणण्याआधी एक गोष्ट पक्की करा: जात एकच, आणि त्या जातीतला रंगही एकच. नवीन माणसाला हे जड जातं, मलाही गेलं होतं. सिल्कीची लोकर, पोलिशच्या डोक्यावरचा फुलोरा, सेब्राइटच्या प्रत्येक पिसाला असलेली काळीभोर किनार, ब्रह्मा कोंबड्याची भारदस्त चाल, सगळंच हवंसं वाटतं. पण या छंदाचा सगळा कस निवडीत लागतो. एकाच जातीची चाळीस पिल्लं असतील तर त्यांतली उत्तम चार ठेवता येतात आणि पुढची पिढी सुधारते. पाच जातींची आठ-आठ पिल्लं असतील तर जे जगलं ते ठेवावं लागतं, निवडायला काही उरतच नाही.

जात ठरवताना

प्रत्येक जातीचं एक लिखित मानक असतं. शरीराची ठेवण, तुऱ्याचा प्रकार, डोळ्यांचा रंग, बोटांची संख्या, पिसावरची नक्षी, वजन, सगळं त्यात नोंदलेलं असतं, आणि परीक्षक त्याच मापाने पक्षी तोलतो. ही पद्धत जुनी आहे. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, ब्रिटनमध्ये १८६५ मध्ये पहिलं छापील मानक आलं आणि अमेरिकेत १८७४ मध्ये. तुम्ही ज्या संघटनेच्या प्रदर्शनात उतरणार, तिचंच मानक मिळवा. एकाच जातीची वर्णनं देशागणिक थोडी बदलतात. त्या जातीची दोन-तीन पानं पक्षी घेण्याआधी तोंडपाठ व्हावीत, इतकी वाचा.

सुरुवातीला सिल्की किंवा कोचीन बँटम (बँटम म्हणजे लहान चणीची कोंबडी) घ्या, असं मी सांगेन. सिल्कीच्या पिसांत तंतू एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे नसतात, म्हणून ती लोकरीसारखी सुटी राहतात. कातडी काळी, आणि पायाला चारऐवजी पाच बोटं. स्वभाव इतका गरीब की लहान मूलही हातात घेऊ शकतं, आणि कोंबड्या वारंवार खुडूक होत, म्हणजे अंड्यांवर बसून राहत असल्याने अंडी उबवायचा प्रश्नही सुटतो. पण त्याच लोकरीमुळे पाणी ओघळून जात नाही, थेट कातडीपर्यंत पोचतं. पावसात भिजलेली सिल्की तासाभरात गारठून जाते, तेव्हा छप्पर हवंच. कोचीन बँटम म्हणजे पिसांचा चेंडू. तिच्या पायांवरही पिसं असतात, म्हणून चिखल तिचा शत्रू.

पोलिश आणि सिल्की या दोन्ही जातींत कवटीचा वरचा भाग फुगीर असतो आणि तिथलं हाड नाजूक. इतर जातींच्या कोंबड्यांनी डोक्यावर टोचलं तर ते जिवावर बेततं. त्यातून पोलिशला शेंडीमुळे वरचं दिसत नाही आणि ती सारखी दचकते. तिच्याजवळ जाताना आधी आवाज द्या, मग हात लावा.

सेब्राइट दिसायला दागिनाच आहे, पण तिच्यापासून सुरुवात करू नका. तिच्या नरालाही मादीसारखीच गोल पिसं असतात, शेपटीत विळ्यासारखी लांब पिसं येत नाहीत. अंडी फळण्याचं प्रमाण बहुधा कमी, आणि पिल्लांना मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाचा धोका जास्त.

खुराडं

पक्षी येण्याआधी खुराडं पूर्ण झालेलं हवं. मोठ्या जातीच्या एका पक्ष्यामागे आत साधारण चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा चौरस फूट जागा धरा, बँटमला निम्म्यात भागतं. गर्दी झाली की पक्षी एकमेकांची पिसं उपटतात, आणि एकदा लागलेली ती सवय सुटत नाही.

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. ती ओढली की फाटते, आणि तिच्या छिद्रातून मुंगसासारख्या प्राण्याची पिल्लंही आत येतात. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावा आणि ती जमिनीत फूटभर पुरा. दाराला नुसता आकडा पुरत नाही, कडी घालून तीत क्लिप अडकवा.

हवा खेळती हवी, पण झोपलेल्या पक्ष्यांच्या अंगावर झोत नको, म्हणून झरोके त्यांच्या डोक्याच्या वर ठेवा. हे तपासायचं तर सकाळी दार उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीला वाकून श्वास घ्या. नाकाला अमोनिया झोंबला, तर त्या रात्री तुमच्या पक्ष्यांनी तो आठ-दहा तास श्वासात घेतला आहे. जमिनीवर चार बोटं जाडीचा रंध्याचा भुसा घाला आणि ओला झालेला भाग रोज काढा. बसायची दांडी जड जातींसाठी आपल्या गुडघ्याच्या वर नको. उंचावरून रोज उड्या मारून तळपायाला जखम होते, तिथे गाठ धरते आणि प्रदर्शन राहिलं बाजूला, पक्षी लंगडायला लागतो. सिल्की तर पुष्कळदा दांडीवर चढतच नाहीत. त्या कोपऱ्यात ढीग करून झोपतात, त्यांना तसं झोपू द्या.

पक्षी घेताना

एक नर आणि दोन माद्या, एवढं त्रिकूट पुरे. मोठ्या संख्येने सगळ्या जातींची पिल्लं विकणाऱ्याकडे जाण्यापेक्षा, ती एकच जात कित्येक वर्षं सांभाळणारा माणूस शोधा. त्याच्याकडे आईबाप बघायला मिळतात. प्रदर्शनात पहिला आलेला नर तो बहुधा देणार नाही, आणि तो मागूही नका. त्या नराची भावंडं मिळाली तरी रक्त तेच असतं.

पक्षी हातात घेऊन तपासा. डोळे गोल आणि चकचकीत, नाकपुड्या कोरड्या, श्वासाला घरघर नाही. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा: ते सरळ हवं आणि दोन्ही बाजूंना मांस भरलेलं. मग शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. उवांच्या अंड्यांचे पांढरट पुंजके तिथेच, पिसांच्या मुळाशी चिकटलेले दिसतात. पायावरचे खवले उचललेले, खडबडीत दिसले तर खवल्यांखालची माइट, म्हणजे अगदी बारीक परजीवी, आहे. हे दोन्ही बरे होतात. वाकडी शेपूट, वाकडी बोटं, कमी-जास्त बोटं किंवा तुऱ्याच्या बाजूला फुटलेला जादा कोंब यांवर मात्र इलाज नाही, आणि हे दोष पुढच्या पिढीत उतरू शकतात.

घरी आणलेला पक्षी तीस दिवस वेगळा ठेवा. वेगळा म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यात नव्हे. भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि रोज आधी जुन्या पक्ष्यांचं करून मगच नव्यांकडे जायचं. जवळच्या पशुवैद्याशी याच काळात ओळख करून घ्या आणि मॅरेक्स, मानमोडी, देवी या रोगांच्या लसी कधी द्यायच्या ते त्यांच्याकडून लिहून घ्या. मॅरेक्सची लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यायची असते, उशिरा देऊन फारसा उपयोग होत नाही. कळपात अचानक एकामागून एक मरतूक झाली तर मेलेला पक्षी उघडा टाकू नका, कुणाला देऊ नका आणि लगेच पशुवैद्यकीय विभागाला कळवा. तो बर्ड फ्लू असू शकतो.

खाणं-पिणं

पीस जवळजवळ सगळंच प्रथिनांचं बनलेलं असतं, म्हणून जसं खाणं तसं पीस. पिल्लांना सुरुवातीला वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं स्टार्टर खाद्य, मग वाढीच्या वयात ग्रोअर, आणि अंडी सुरू झाल्यावर लेअर. वाढत्या पिल्लांना लेअर खाद्य घालू नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. नर-माद्या एकत्र असतील तर सगळ्यांना कमी कॅल्शियमचं खाद्य आणि माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, हे सोयीचं पडतं. दाणे टाकत असाल तर बारीक खडीही ठेवा, कोंबडीचं दळण त्या खड्यांवरच चालतं. पांढऱ्या जातींना मका बेताने द्या, त्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याने पिसांवर पिवळट झाक येऊ शकते. कडक ऊनही पांढऱ्या पिसांना पिवळं करतं.

दाढीवाल्या आणि शेंडीवाल्या जातींना उघडं भांडं नको, चोचीने दाबलं की थेंब देणारं निपल लावा. भिजलेली दाढी मळते, चिकटते आणि मग दुसऱ्या कोंबड्या ती टोचून उपटतात.

संध्याकाळी पक्षी दांडीवर बसले की टॉर्च घेऊन एक फेरी मारा. लाल माइट दिवसा लाकडाच्या फटीत लपून राहते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते, म्हणून दिवसा कितीही तपासलं तरी ती सापडत नाही. औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्या, कारण पहिल्या वेळी माइटची अंडी मरत नाहीत.

वीण

इथे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण प्रदर्शनातला पक्षी विणीच्या पिंजऱ्यात घडतो. तिथे चुकलेलं पुढे कुठल्याही शाम्पूने धुऊन निघत नाही.

पहिलं म्हणजे, कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. नर बदलायचा असेल तर जुना काढल्यावर तीन आठवडे थांबा, तोवरची अंडी उबवायला ठेवू नका. कोचीनसारख्या झुबकेदार जातींत शेपटीखालची पिसं नर-मादी दोघांचीही कातरावी लागतात, नाहीतर अंडी फळत नाहीत.

जोडी लावताना दोघांतही एकच दोष नको. मादीचा तुरा मोठा असेल तर नराचा मानकाप्रमाणे नेमका असावा. फार मोठा आणि फार लहान यांची जोडी लावून मधलं मिळेल, असं समजू नका. पिल्लं दोन्ही टोकांची निघतात.

काही गुणांचं गणित ठरलेलं आहे आणि ते आधीच माहीत हवं. निळा रंग घ्या, म्हणजे पाटीसारखा राखी-निळा. निळा नर आणि निळी मादी लावली तर सरासरीने निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव पांढुरक्यावर ठिपके असलेली स्प्लॅश निघतात. काळा आणि स्प्लॅश लावला तर सगळीच निळी. जपानी बँटमचे आखूड पाय हा तर जिवावरचा गुण: दोन्ही बाजूंनी तो जनुक आला तर गर्भ अंड्यातच मरतो. आखूड पायांची जोडी लावली की चौथा हिस्सा पिल्लं अशीच जातात, त्यात उबवणीचा दोष नसतो.

फ्रिझलचं असंच, आणि ते मला पक्ष्यांनी शिकवलं. फ्रिझल म्हणजे ज्याची पिसं टोकांना बाहेर वळलेली असतात. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक देखणा फ्रिझल नर आणि तितकीच देखणी फ्रिझल मादी होती. दोन सुंदर पक्षी एकत्र आणले तर आणखी सुंदर पिल्लं होतील, एवढाच विचार मी केला होता. अकरा पिल्लं निघाली. सहा आठवड्यांची झाली तेव्हा त्यांतल्या तिघांच्या अंगावर पीस ठरेना. आलं की कुरळं होऊन तुटायचं, पाठ उघडी पडायची. ती तिघं इतरांच्या पोटाखाली शिरायला धडपडत असायची. त्यांतलं एक पहिल्याच थंडीत गेलं. फ्रिझलला जोडीदार साध्या सरळ पिसांचाच द्यायचा असतो, मग निम्मी पिल्लं फ्रिझल निघतात आणि ती धडधाकट असतात. एवढी एक ओळ मी आधी वाचली असती तर त्या पिलाला तसं कुडकुडावं लागलं नसतं.

नात्यातली जोडी लावावी का, हे सगळेच विचारतात. सख्खी भावंडं लावू नका. कळपाचे तीन गट करा. मुली आईच्याच गटात राहतात, मुलगे दरवर्षी पुढच्या गटात जातात. याने बाहेरचं रक्त न आणता कित्येक पिढ्या निभावतं. अंडी फळण्याचं आणि पिल्लं निघण्याचं प्रमाण वर्षागणिक घसरायला लागलं, तर मात्र बाहेरचा नर आणायची वेळ झाली आहे.

उबवणी

स्वच्छ, मध्यम आकाराची, नेहमीच्या घाटाची अंडी निवडा आणि निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवा. सात दिवसांच्या वर ठेवू नका. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बँटमची पिल्लं एखाद-दोन दिवस आधीही निघतात. पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आणि त्यानंतर झाकण उघडायचं नाही. पहिलं पिल्लू बाहेर येऊन ओरडायला लागलं की राहवत नाही, पण उघडलंत की आतली वाफ जाते, पापुद्रा वाळतो आणि मागची पिल्लं कवचातच अडकतात. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर एक-दोन दिवस आरामात काढतं.

सातव्या दिवशी अंधारात अंडं टॉर्चवर धरा. जिवंत अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नीट बघितलंत तर तो ठिपका हललेलाही दिसेल. मी इतकी वर्षं बघतोय, तरी तो हलला की हात आपोआप स्थिर होतो. रिकामं अंडं नुसतं पिवळसर उजळतं, आणि नुसतंच लाल कडं दिसलं तर गर्भ सुरू होऊन मेला आहे. ती दोन्ही काढून टाका.

खुडूक सिल्की असेल तर तिच्याइतकं चांगलं यंत्र नाही. फक्त बसवण्याआधी तिला उवा नाहीत हे बघा, आणि रोज एकदा उठवून दाणा-पाणी दाखवा.

पिल्लं आणि निवड

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जा. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असतील तर बरोबर आहे. जमिनीवर गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. विष्ठेत रक्त दिसलं तर बहुधा कॉक्सिडिऑसिस म्हणजे रक्ती हगवण आहे. त्यात एका दिवसात पिल्लं जातात, तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

कुठलं पिल्लू कुणाचं, हे पहिल्याच दिवशी नोंदवा. बोटांमधल्या पडद्याला लहानसं छिद्र पाडायची जुनी पद्धत आहे. दोन पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. पुढे पाय जाड झाला की नंबराची रिंग घाला आणि वाढीप्रमाणे बदला, नाहीतर ती मांसात रुतते.

निवड एकदम करू नका. बोटं, पायांचा रंग आणि पाय यांतले दोष आठ आठवड्यांत कळतात, तेव्हा पहिली चाळण. शरीराची ठेवण चार-पाच महिन्यांनी दिसते. रंगावर शेवटचा निर्णय पहिली मोठी पीसगळ झाल्यावरच, कारण तलंगीची, म्हणजे वर्षाच्या आतल्या मादीची, नक्षी मोठेपणी पुष्कळ बदलते. आधी ठेवण बघा, मग रंग. चांगल्या ठेवणीच्या पक्ष्याचा रंग दोन पिढ्यांत सुधारतो, पण रंगाच्या नादाने एकदा ठेवण घालवली की परत मिळवायला फार वर्षं लागतात. निवडीतून उतरलेल्या पिल्लांचं काय करायचं, हे अंडी ठेवण्याआधी ठरलेलं असू द्या. पाळायला घेणारी घरं असतील तर उत्तम.

प्रदर्शनाची तयारी

तयारी दोन महिने आधी सुरू होते. तुटलेलं पीस आताच उपटलं तर त्या जागी नवं यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तुटका बुंधा शिल्लक असेल तर पुढच्या पीसगळीपर्यंत नवं येत नाही. पीसगळीत सापडलेला पक्षी नेऊ नका, पूर्ण पिसारा परत यायला दोन-तीन महिने जातात.

दोन आठवडे आधी पक्ष्याला प्रदर्शनातल्यासारख्या पिंजऱ्यात रोज थोडा वेळ ठेवा. जाता-येता थांबा, दार उघडा, बाहेर काढा, पंख पसरून बघा, परत ठेवा. तळहातावर छाती, बोटांमध्ये पाय, डोकं आपल्याकडे. काढताना डोकं आधी बाहेर, ठेवताना डोकं आधी आत, म्हणजे पंख आणि शेपूट दाराला घासत नाहीत. परीक्षकासमोर फडफडणारा, कोपऱ्यात दबणारा पक्षी आपली ठेवण दाखवूच शकत नाही.

अंघोळ दोन-तीन दिवस आधी, म्हणजे पिसांवरचं नैसर्गिक तेल परत येतं. तीन टब लागतात. पहिल्यात कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, दुसऱ्यात साधं कोमट पाणी, तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर घातलेलं, म्हणजे साबणाचा अंश उरत नाही. पक्षी हळूहळू पाण्यात उतरवा, पंख धरून ठेवा. पहिल्या क्षणी तो ताठ होतो, मग कोमटपणा कातडीपर्यंत पोचला की अंग सैल सोडतो. पीस मुळाकडून टोकाकडेच चोळा, उलटं चोळलंत तर मोडेल. कोचीनच्या पायांची पिसं जुन्या टूथब्रशने बोटाबोटातून साफ करा. एक हात सतत मानेखाली असू द्या. पुष्कळ कोंबड्या कोमट पाण्यात चक्क पेंगतात आणि चोच पाण्यात जाते. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि ड्रायर मंद ठेवून वाळवा. सिल्कीला तासाहून जास्त वेळ लागतो. वरून फुललेली दिसली तरी पोटाखाली बोट घालून बघा, ओल तिथेच राहते.

शेवटी नखं कापा, चोचीचं वाढलेलं टोक घासा, आणि तुऱ्याला व चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांना व्हॅसलीनचा अगदी पुसट हात द्या. पिसं रंगवणं, नको ती कातरणं ही फसवणूक धरली जाते आणि पक्षी बाद होतो.

अर्ज भरताना वर्ग नीट लिहा: वर्षाच्या आतला नर, वर्षाच्या आतली तलंग, वर्षावरचा कोंबडा, वर्षावरची कोंबडी. त्या दिवशी घरचंच पाणी आणि खाद्य न्या. अनोळखी पाणी काही पक्षी पीतच नाहीत.

परीक्षण झालं की परीक्षकाचा शेरा, पक्ष्याच्या रिंगचा नंबर आणि त्याचे आईबाप एकाच पानावर लिहून ठेवा. तीन पक्ष्यांवर एकच शेरा आला, तर पुढच्या वर्षी ती जोडी बदलायची. घरी आलेले पक्षी निदान दोन आठवडे पुन्हा वेगळ्या पिंजऱ्यात, कारण शेकडो अनोळखी पक्ष्यांच्या शेजारी ते दिवसभर होते. त्यांचं दाणा-पाणी रोज सगळ्यात शेवटी करा, आणि प्रदर्शनात घातलेल्या चपला धुतल्याशिवाय खुराड्याकडे नेऊ नका.